डोक्याचं फॅट

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो आकड्याला. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, गावातलं दूध गोळा करायचे आणि संकलन केंद्र म्हणजे आमचीच ओसरी. सकाळी जाग यायची ती कॅनच्या झाकणांच्या खणखणाटानं. पाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि या दोन्हींवर कडी करणारी आप्पांच्या फॅट मशीनची गरगर. दुधाचा नमुना आणि ॲसिड काचेच्या नळ्यांत भरून त्या मशीनमध्ये बसवायच्या, हँडल मारून फिरवायच्या, मग एकेक नळी डोळ्यांसमोर धरून आप्पा कोर्टाचा निकाल वाचावा तसे म्हणायचे, "सहा पॉइंट चार!" फॅटवर दुधाचा भाव ठरायचा, त्यामुळे समोरचा हुज्जत घालायला लागला की त्यांचं एकच वाक्य असे, "आकडा खोटं बोलत न्हाई." त्यांचा दुसरा नियम कॅन ढवळण्याचा. साय वर येते, म्हणून वरवरचा नमुना घेतला तर फॅट जास्त लागतं, तळातला घेतला तर कमी. तेव्हा आधी लांब दांड्याच्या पळीनं कॅन तळापासून ढवळायचा आणि मगच नमुना घ्यायचा. हे काम ते कुणाला, अगदी आईलाही, करू देत नसत.

घराच्या मागच्या अंगाला राज्य होतं आबांचं, म्हणजे आजोबांचं. आमच्या मागच्या पिढ्या मेंढरं घेऊन कोकणात उतरायच्या आणि पाऊस जवळ आला की परत वर यायच्या. आप्पांनी विहीर पाडली, ऊस लावला, म्हशी घेतल्या आणि भटकंती संपवली, पण आबांनी आपली बेचाळीस मेंढरं काही सोडली नाहीत. माझी थोरली बहीण संगी लहानपणी दोन वर्षं आबांबरोबर त्या वाटेनं चालली होती. त्यामुळे तिची शाळा मागे पडली आणि ती माझ्याच वर्गात आली. मेंढरं दिवसभर चरायला जायची आणि कोकरं अंगणात जाळीच्या वाघुरात कोंडलेली असायची. दिवस मावळायला मेंढरं परतली की पंधरा कोकरं एकदम सुटायची, आणि त्या ब्यां-ब्यांमध्ये रेडिओवरच्या बातम्यांचा एक शब्दही ऐकू यायचा नाही. पाच मिनिटांत ज्याची त्याला आई सापडायची आणि मग एकदम शांत. त्या शांततेत आम्ही बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं जेवायला बसायचो. अजून मला माडग्याची आठवण आली की आधी कानात कोकरं ओरडतात, चव मागाहून येते.

दहावीचं वर्ष होतं. पुढच्या शिक्षणाला दौंड गाठायचं तर खुटबाव स्टेशनपर्यंत चालत आणि पुढे रेल्वेनं जावं लागणार होतं. आम्हा दोघींनाही जायचं होतं. पण आबांचे गुडघे धरले होते आणि आई म्हशींत बुडालेली. आप्पांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "दोघींतली येकच जाईल. येकीला मेंढरांमागं ऱ्हावं लागंल." घरी राहिलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. वर्षाच्या आत पाहुणे येऊन बसतात. कोण जाणार हे आप्पांचं ठरत नव्हतं, आणि आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड वागत होतो.

अशात दौंडहून शाळेत एक साहेब आले. ते मुलांची बुद्धी मोजायचे. छापील कागद, तीस प्रश्न, हातात घड्याळ, आणि शेवटी प्रत्येकाला एक आकडा. गावात त्यांचं नाव लगेच 'बुद्धीवाले साहेब' पडलं. गृहस्थ तसे साधे होते, चहाला नाही म्हणत नसत. पण "हा आकडा म्हणजे मुलाची जन्मजात बुद्धी, ती फारशी बदलत नाही," असं त्यांनी पालकांच्या सभेत सांगितलं आणि आप्पांचे डोळे चमकले. इतकी वर्षं ते म्हशींचं मोजत होते. माणसांचंही मोजता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आता एक गोष्ट सांगूनच टाकते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझा मामा राहायचा. खात्याच्या परीक्षेला तो तीनदा बसून तीनदा नापास झाला होता, आणि त्याच्याकडे बुद्धिमत्ता चाचणीचं एक जाडजूड पुस्तक होतं, मागे उत्तरं असलेलं. दिवाळीच्या सुटीत मी मामाकडे राहिले तेव्हा ते पेन्सिलीनं दोनदा सोडवलं होतं. आबांनी मला न्यायला संगीला पाठवलं, तेव्हा तिला पाहताच मी ते पुस्तक गादीखाली सारलं. का सारलं, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. शाळेत साहेबांचा कागद समोर आला आणि तिसातले निम्मे प्रश्न मला ओळखीचे पाहुणे भेटावेत तसे भेटले.

चिठ्ठ्या आल्या. माझ्या चिठ्ठीवर एकशे अठ्ठावीस, संगीच्या ब्याऐंशी. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "आसं इचारलं तरी काय हुतं?" संगीला सोडवलेले सगळे प्रश्न पाठ होते. ती म्हणाली, "मेंढी, शेळी, गाय, कोंबडी. यातलं येगळं कोन?"

"गाय," आबा म्हणाले.

"गायच की," आई म्हणाली.

आप्पांनीही घास तोंडात ठेवूनच मान डोलावली. मी हळूच म्हणाले, "कोंबडी. तिला दोन पाय असत्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आगं पर," आबा म्हणाले, "मेंढरं निघाली की शेळ्या संगट चालत्यात, कोंबडी घोड्यावर डालीत बसून येती. गाय तेवढी घरी ऱ्हाती. आन् घोड्यावर बसनाऱ्याला पाय दोन हायेत का चार, कोन बघतंय?"

संगीनं तेच लिहिलं होतं. शिवाय रमेश दोनदा उजवीकडे वळल्यावर त्याचं तोंड कुठे असेल, या प्रश्नाला तिनं 'घराकडं' असं उत्तर दिलं होतं, आणि बारा प्रश्नांपुढे गेलीच नव्हती, कारण "घाई करून चुकीचं कशाला लिवायचं?" आप्पांनी सगळं ऐकलं, हात धुतले, आणि दोन्ही चिठ्ठ्या फॅटच्या रजिस्टरात ठेवून म्हणाले, "आकडा खोटं बोलत न्हाई. मंगी दौंडला जाईल." मंगी म्हणजे मी. मला इतका आनंद झाला की ताटातली भाकरी तशीच राहिली. निदान तेव्हा मला ते आनंदानंच वाटलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी राणीसारखी जगले आणि गाढवासारखी राबले. आईनं मला डोक्यावर हंडा घेऊ देणं बंद केलं, का तर आतलं हिंदकळेल. सगळं गाव मला 'एकशे अठ्ठावीस' म्हणायला लागलं. एक जण बिघडलेला रेडिओ घेऊन आला, एकीला हरवलेली जोडवी कुठे असतील ते विचारायचं होतं, आणि शेजारच्या नानांनी दोन कालवडी आणून दारात उभ्या केल्या, यातली कुठली ठेवू म्हणून. मी खूप विचार करून एकीकडे बोट दाखवलं. ती पुढे कधी गाभण राहिलीच नाही. नाना वारले, पण त्यांचा मुलगा अजून मला बघून रस्ता बदलतो.

आणि संगीनं काय केलं? तिनं संप केला. ओरडली नाही, रडली नाही, फक्त सगळं कळणं बंद केलं. आप्पा म्हणाले, "संगे, सायकलची चेन बसीव," की ती म्हणायची, "मला कुठलं जमतंय, मी ब्याऐंशी." आईनं विचारलं, पीठ किती भिजवू, तर "एकशे अठ्ठावीसला इचार." दुधाच्या रजिस्टरातल्या बेरजा रोज तीच करायची, हे त्या आठ दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं. मी केलेल्या बेरजेनुसार आमच्या गावानं एका सकाळी दौंड तालुक्याला पुरेल एवढं दूध घातलं होतं.

आठव्या दिवशी आबांचा गुडघा सुजला. मेंढरांमागं कोण जाणार? संगी चुलीपुढे बसून म्हणाली, "ब्याऐंशीच्या ताब्यात बेचाळीस मेंढरं? आप्पा, जोखीम हाय." रविवार होता. मला जावं लागलं.

जाताना काही झालं नाही. परतीला रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मी माझी मेंढरं घेऊन थांबले आणि मागून शिरूरकडच्या भिवामामांचा कळप येऊन भिडला. भिवामामा आबांचे जुने सोबती, वर्षातून एकदा आमच्या भागात शेतांतून खतासाठी मेंढरं बसवायला यायचे. एक्स्प्रेस धडधडत गेली, मेंढरं बुजून एकमेकांत घुसली, आणि फाटक उघडलं तेव्हा शंभरेक मेंढरांचा एकच गोळा झाला होता. मी खुणा शोधल्या. पाठीवर लाल ठिपका. सगळ्यांच्याच पाठीवर लाल ठिपका, कारण दोघांचाही रंग दौंडच्या एकाच दुकानातला.

"पोरी, हाळी दे," भिवामामा म्हणाले. "तुजी हायेत ती तुज्यामागं येतील."

आबा आणि संगी ज्या हाळीनं मेंढरं बोलावत, ती मी जन्मभर ऐकली होती, घातली कधीच नव्हती. मी तोंड उघडलं आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखा आवाज निघाला. एका मेंढीनं वर बघितलं आणि माझी ओढणी खायला घेतली. फाटकवाला हसायला लागला. मग मी माझ्या कीर्तीला शोभेल असा मार्ग काढला. म्हणाले, "मामा, थांबा. मोजून घेऊ." आणि चांगली मोजून बेचाळीस मेंढरं अलीकडे काढली. भिवामामा एकदा मेंढरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

घरी आप्पा दारात उभे राहून मोजत होते. "बेचाळीस. बराबर!" ते आबांकडे वळून अभिमानानं म्हणाले. आईनं वाघूर उघडलं. पंधरा कोकरं सुटली. सहा आपापल्या आईला लागली आणि उरलेल्या नऊ जणांनी लाथा खायला सुरुवात केली. एका मेंढीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले. रोज पाच मिनिटांत मिटणारा कालवा मिटेच ना. आबा खाटेवरून लंगडत उठले, मेंढरांकडे बघून मटकन खाली बसले आणि म्हणाले, "आकडा बराबर हाय. मेंढरं दुसऱ्याची हायेत."

एक कोकरू धडपडत संगीपाशी गेलं आणि तिचं बोट चोखायला लागलं. तिनं आठ दिवस संप टिकवला होता, आप्पांना आणि आईला दाद दिली नव्हती, पण त्या बोटापुढे तिचा टिकाव लागला नाही. ती उठली, कळपातून एक फेरी मारली आणि म्हणाली, "सोळा बाहेरची हायेत." मग आप्पांच्या सायकलला कॅन अडकवायचे जे हूक होते, त्यांना दोन्हीकडे डाली बांधल्या आणि त्यांत नऊ कोकरं भरली. आप्पा सायकल ढकलत होते, मी मागून ती सोळा हाकत होते. संगी हाळी घालत पुढे चालली होती आणि दुसऱ्याची मेंढरंसुद्धा तिच्या मागे चालली होती.

भिवामामांचा तळ फाटकाजवळच्या रानात होता. अजून थोडा उजेड उरला होता. संगीनं काही मोजलं नाही की ठिपके बघितले नाहीत. डाली खाली ठेवल्या आणि कोकरं सोडली. नऊच्या नऊ पळत सुटली आणि पाहता पाहता नऊ मेंढ्यांखाली नऊ शेपट्या हलायला लागल्या. "ह्या नऊ झाल्या," संगी म्हणाली. उरलेल्या बिनकोकरांच्या सात तिनं चेहरे बघून, कान धरून बाहेर ओढल्या. "ही लंगडी. ही चोरटी. हिची आई म्या पोलादपुरात पाजलीया."

आप्पा भिवामामांना म्हणाले, "आवं, तुमास्नी तरी कळाया पायजे हुतं."

"मला दिसत हुतं की," भिवामामा म्हणाले. "पर म्हनलं, एकशे अठ्ठावीसवाली पोर हाय, तिचा काय तरी हिशोब आसंल."

परतताना संगी मेंढरं आणि त्यांच्यामागं चालणारी कोकरं घेऊन पुढे होती. मी आप्पांच्या शेजारून चालत होते. नऊ कोकरांनी खाल्लेल्या लाथा मला घरी लागल्या नव्हत्या, त्या आता लागायला लागल्या. मी म्हणाले, "आप्पा, ते प्रश्न मला आधीच ठाऊक होते. मामाच्या पुस्तकात होते. पहिल्यांदा सोडवलं तवा मी बी 'गाय'च लिवलं हुतं. मागं बघून कोंबडी केली." बोलता बोलता मला रडू फुटलं. आप्पांनी सायकल थांबवली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. ते रिकाम्या डालींकडे बघून स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "म्हंजी म्या न ढवळताच नमुना घेतला."

पण आकड्यावरचा विश्वास एका दिवसात सुटत नाही. आप्पांनी मामाकडून पुस्तक मागवलं, आठ दिवस संगीला दिलं आणि पुढच्या रविवारी आम्हा दोघींना घेऊन दौंडला साहेबांच्या खोलीवर गेले. संगीनं पेपर दिला. एकशे एकवीस! साहेबांना फार आनंद झाला. "बघा, किती प्रगती!" ते म्हणाले.

"सायेब," आप्पा म्हणाले, "आठ दिसांत येकोणचाळीसनं फॅट वाढलं तर आमी ते दूध परत पाठवतो." आणि चिठ्ठी टेबलावरच ठेवून उठले. साहेबांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी चहा मात्र पाजल्याशिवाय सोडलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. घरी आल्यावर आप्पा ओसरीवर बसले आणि अगदी मायेनं म्हणाले, "संगे, मेंढरातलं तुला कळतंय तेवढं आमच्यात कुनाला कळत न्हाई. मग तूच घरी थांब. मंगीच्या हातात दिली तर वर्साच्या आत सगळी दुसऱ्याची व्हतील."

संगी हसली. ते हसणं मी विसरलेले नाही. "ब्याऐंशी हुते म्हून घरी," ती म्हणाली, "आन् आता हुशार म्हून घरी. मग मला मोजली तरी कशाला?" एवढं बोलून ती कोकरांच्या वाघुरात जाऊन बसली, आणि तिचे खांदे हलताना आम्हाला ओसरीवरून दिसत होते. मी गेली पंचवीस वर्षं शाळेत मुलांचे पेपर तपासते आहे, पण इतका अवघड प्रश्न कुठल्या पेपरात पाहिला नाही.

उत्तर दिलं ते आबांनी. "मेंढरं माजी हायेत," ते खाटेवरून म्हणाले. "म्या राखली, माज्या बापानं राखली. हिनं राखायलाच पायजेत, आसं कुठं लिवलंय? भिवाला देतो वाट्यानं. दोगी बी जातील."

"आबा, तुमाला करमंल का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई करमनार," आबा म्हणाले. "मग?"

दहावीचा निकाल लागल्यावर भिवामामा येऊन मेंढरं घेऊन गेले. आबांनी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोजायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी जेवताना रेडिओवरच्या बातम्या पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आल्या. कुणी ऐकत नव्हतं. आबांनी भाकरी कुस्करली आणि माडग्याची वाटी तशीच ठेवून उठले. आमच्या शिक्षणाचं मोल कुणी विचारलं, की मला ती वाटी आठवते.

संगी पुढे नर्स झाली. आता शिरूरला असते, बाळंतिणींच्या वॉर्डात. माझ्या फोनमध्ये तिचं नाव अजून 'ब्याऐंशी' असंच आहे. पण मला सांगायचा आहे तो कॉलेजचा पहिला दिवस. खुटबावला दौंडच्या शटल गाडीत चढलो, खिडकीपाशी समोरासमोर जागा मिळाली. फाटक मागे गेलं. मनात बरेच दिवस साठलेलं मी बोलून टाकलं, "संगे, एक सांगायचं राहिलंय. ते मामाचं पुस्तक..."

"गादीखाली सारलं हुतंस," ती म्हणाली. "म्या बघितलं की."

मी गारच पडले. "मग आठ दिवस बोलली का न्हाईस? आप्पांना सांगितलं असतंस तर तवाच सगळं मिटलं असतं!"

"तू सांगतीस का, बघत हुते."

म्हणजे गावभर माझी बुद्धी मोजून झाली होती, आणि खरी परीक्षा घरात चालू होती, माझ्या शेजारी, एका ताटात जेवताना. पाटस स्टेशन गेलं. शेवटी मी धीर करून विचारलं, "मग किती दिलेस मला?"

संगीनं मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, आप्पा कॅनकडे बघायचे तसं.

"थांब," ती म्हणाली, "आजून ढवळतीया."